यंत्राचा गंधार

१९६६ साली गुलबर्ग्यास नभोवाणी केंद्र निघाले, तेव्हा बाजाच्या पेटीस नभोवाणीवर बंदी होती. १९४० मध्ये घातलेली ही बंदी १९७१ मध्ये सैल झाली. आक्षेप असा की, पेटीचे बारा स्वर ठाम, आपला गंधार त्यांत बसत नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्येच बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला आणि क्लेमेंट्ससाहेबांच्या साह्याने श्रुतींची पेटी करविली.

आज कलबुर्गी-बीदरकडे संगणकावर संगीताची प्रणाली बसविली, तरी तोच प्रश्न उभा राहतो. तिचा गंधार शुद्ध गंधाराहून अर्धस्वराच्या सातव्या हिश्श्याइतका चढा निघतो. पेटीची पत्ती घासावी लागे. येथे आकडा बदलला की पुरे. मात्र तो बदलण्यापूर्वी तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा गंधार ऐकावा. निवाडा कानाचाच!