काखेपासून गुडघ्यापर्यंत

८ ऑक्टोबर १९५६, न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम. तुम्ही बेब पिनेली आहात. तोंडावर जाळीचा मास्क, होम प्लेटमागे वाकून उभे. १९३५पासून बेसबॉलच्या नॅशनल लीगमध्ये अंपायर. ही वर्ल्ड सिरीज संपली की निवृत्त. प्लेटमागची ही तुमची शेवटची मॅच.

आणि नेमकी अशी! नववी इनिंग, दोन आउट. यँकीजच्या डॉन लार्सनने डॉजर्सच्या एकाही बॅटरला बेसवर पाय ठेवू दिलेला नाही. समोर सत्ताविसावा, डेल मिचेल. कारकिर्दीत जवळजवळ चार हजार वेळा बॅटिंग, स्ट्राइकआउट फक्त ११९.

क्रिकेटसारखे स्टंप इथे नाहीत. जमिनीत बसवलेली १७ इंच रुंद पांढरी प्लेट तेवढी आहे. तिच्यावर, मिचेलच्या काखेपासून गुडघ्याच्या वरच्या टोकापर्यंत, एक चौकट तुम्ही मनातच आखायची. चेंडू तिला शिवला तर स्ट्राइक, नाही तर बॉल. ठरवायला अर्धा सेकंदही मिळत नाही.

एक बॉल, दोन स्ट्राइक. मग एक फाउल. चौसष्ट हजार माणसं श्वास रोखून बसलेली. लार्सनचा ९७वा चेंडू येतो. मिचेलची बॅट निघते, थांबते. कॅचर योगी बेराच्या ग्लोव्हमध्ये थप्प आवाज. आता कौल तुमचा. रीप्ले मागायची सोय नाही.

हात वर जातो: तिसरा स्ट्राइक, मिचेल आउट. बेरा धावत जाऊन लार्सनच्या अंगावर उडी घेतो. वर्ल्ड सिरीजमधला पहिला परफेक्ट गेम! चेंडू बाहेर होता, असं मिचेल पुढे सांगतच राहणार आहे.

आता सत्तर वर्षं पुढे या. २०२६. तुम्ही स्ट्राइक देता, बॅटर हेल्मेटवर टपली मारतो. आव्हान! बारा कॅमेऱ्यांनी टिपलेला चेंडू मोठ्या पडद्यावर झळकतो आणि सगळं स्टेडियम तुमची परीक्षा घेतं. प्रत्येक संघाला दोन आव्हानं. बरोबर ठरलं तर ते खर्ची पडत नाही.

पण पडद्यावरची ती चौकट नीट पाहा. खालची कड बॅटरच्या उंचीच्या २७ टक्क्यांवर, वरची ५३.५ टक्क्यांवर. काखेच्या कितीतरी खाली. मशीन मोजतं काटेकोर, पण चौकट माणसांनीच आखून दिलेली. तुम्ही १९५६ साली नियमाने दिलेला छातीच्या उंचीवरचा स्ट्राइक आज मशीन बॉलच ठरवेल.