स्नॉर्केलिंगमधील शरीरस्थिती

स्नॉर्केलिंगमधील शरीरस्थिती म्हणजे मास्क व स्नॉर्केलची नळी लावून पाण्याच्या पृष्ठभागावर पालथे तरंगताना डोके, धड आणि पाय यांची असलेली मांडणी होय. डोक्यापासून टाचेपर्यंत शरीर शक्य तितके आडवे ठेवणे, हे या तंत्राचे मूळ सूत्र आहे. आडव्या शरीराला पाण्याचा विरोध कमी होतो, श्वास संथ राहतो आणि पाय तळाला लागत नाहीत. उथळ प्रवाळक्षेत्रात यातील शेवटची बाब विशेष महत्त्वाची ठरते. तेथे पाय खाली गेल्यास पोहणाऱ्याला जखम होऊ शकते आणि प्रवाळाचीही हानी होते.

नाव व पूर्वपीठिका

'स्नॉर्केल' हा शब्द जर्मन भाषेतून आला आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांना हवा पुरविणाऱ्या नळीला हे नाव होते. नळीने श्वास घेण्याची कल्पना मात्र फार जुनी आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने हत्तीच्या सोंडेची तुलना पाणबुड्या माणसांच्या श्वसनसाधनाशी केली आहे.

तरंगण्यामागील कारणे

समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असल्याने त्यात शरीर अधिक सहज तरंगते. फुप्फुसांतील हवेमुळे छातीचा भाग वर उचलला जातो, तर शरीराचा गुरुत्वमध्य त्याहून खाली, कमरेच्या बाजूस असतो. त्यामुळे पाय मुळातच बुडू पाहतात. डोके पाण्याबाहेर काढले की त्याच्या भाराला पाण्याचा आधार उरत नाही आणि तराजूच्या दांडीप्रमाणे पाय आणखी खाली जातात. मग वर राहण्यासाठी हातपाय मारावे लागतात, दम लागतो आणि घाबरल्याने डोके अधिकच वर काढले जाते.

योग्य स्थिती व तंत्र

मान सैल सोडून चेहरा पाण्यात ठेवावा. नजर खाली व किंचित पुढे असावी, म्हणजे नळीचे टोक पाण्याबाहेर उभे राहते. स्वतःच्या पायांकडे पाहण्यासाठी हनुवटी छातीकडे नेल्यास नळीत पाणी शिरते. हात शरीरालगत किंवा समोर सैल ठेवावेत; त्यांनी पाणी मागे ढकलण्याची गरज नसते.

पायांची हालचाल खुब्यापासून, संथ आणि लांब असावी. गुडघे थोडेच वाकवावेत आणि पायाचे चवडे मागे ताणलेले असावेत. सायकल चालविल्याप्रमाणे गुडघे पोटाकडे ओढणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक होय. त्याने शरीर उभे होते आणि श्रमाच्या मानाने अंतर कापले जात नाही. फिन पाण्याखालीच राहावेत. ते पृष्ठभागावर आपटल्यास शक्ती वाया जाते.

श्वास तोंडाने, सावकाश आणि पूर्ण घ्यावा. उच्छ्वासातील थोडी हवा नळीत उरते व पुढील श्वासात परत येते. त्यामुळे भराभर उथळ श्वास घेतल्यास ताजी हवा पुरेशी मिळत नाही. याच कारणाने, तसेच खोलीबरोबर छातीवरील पाण्याचा दाब वाढत असल्याने, लांब नळी धोकादायक असते. नळीत पाणी आल्यास डोके वर न काढता जोराने फुंकर मारून ते बाहेर टाकावे.

विहिरीतील पोहणे आणि समुद्र

बीड जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. मराठवाड्याच्या ग्रामीण भागात पोहणे परंपरेने विहिरीत, पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून शिकविले जाते. विहिरीत जागा थोडी आणि पाणी स्थिर असते. तेथे डोके वर ठेवून काठ गाठणे पुरेसे ठरते. स्नॉर्केलिंगमध्ये हीच सवय अडचणीची होते. अशा पोहणाऱ्याने उथळ व शांत पाण्यात, कठड्याला धरून, चेहरा बुडवून नळीने श्वास घेण्याचा आणि नंतर पाय न हलवता पालथे तरंगण्याचा सराव आधी करावा.

मालवण

महाराष्ट्रात स्नॉर्केलिंग प्रामुख्याने सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याजवळील समुद्रात चालते. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले असून त्याचे क्षेत्रफळ २९.१२ चौरस किलोमीटर आहे. येथील खडकांवर पोरायटीस, टर्बिनारिया इत्यादी प्रवाळ आढळतात. प्रवाळ हे सजीव आहेत. त्यांची वाढ अतिशय मंद असते, म्हणून क्षणभराच्या पायाच्या आधाराने झालेली हानी भरून येण्यास वर्षे लागू शकतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये खडक बांधणाऱ्या प्रवाळांना संरक्षण आहे.

पर्यटकांना सहसा जीवरक्षक जाकीट दिले जाते. जाकीट छाती उचलून धरत असल्याने पाय खाली जाण्याची शक्यता वाढते. ते अंगाला घट्ट बसलेले असावे आणि चेहरा पाण्यातच ठेवावा. खडकावर उभे राहू नये.

सुरक्षितता

एकट्याने पाण्यात उतरू नये. पावसाळ्यात व समुद्र खवळलेला असताना स्नॉर्केलिंग टाळावे. दम लागल्यास पाय मारणे थांबवावे, उताणे होऊन नळी तोंडातून काढावी आणि हात उंचावून मार्गदर्शकास खूण करावी.