उत्पादन लाइनचे गणिती प्रतिमान

यंत्रांच्या रांगेतून वस्तू टप्प्याटप्प्याने तयार होते, तेव्हा तासाला किती नग बाहेर पडतील, आत किती माल राहील आणि एका नगाला किती वेळ लागेल, हे समीकरणांनी काढण्याची पद्धत. या तीन राशींना जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम जोडतो : लाइनमधील सरासरी नग म्हणजे उत्पादनाचा वेग गुणिले नगाचा आतला सरासरी काळ. तासाला ६० नग देणाऱ्या लाइनवर ३० नग असतील, तर प्रत्येक नग सरासरी अर्धा तास आत असतो.

खरे गणित यंत्रे बंद पडण्याचे आहे. एक यंत्र थांबले की मागच्याला तयार नग ठेवायला जागा उरत नाही आणि पुढच्याला माल मिळत नाही; धड असलेली दोन्ही यंत्रे थांबतात. समजा, सारख्याच वेगाची दहा यंत्रे आहेत. प्रत्येक सरासरी ९० मिनिटे चालते आणि १० मिनिटे दुरुस्तीत जाते. एकेकटे पाहिले तर प्रत्येकाची उपलब्धता ९० टक्के. मध्ये साठ्याला जागाच नसेल, तर ०.९ चा दहा वेळा गुणाकार करून ३५ टक्के हे उत्तर सहज सुचते, पण ते चुकीचे आहे. बहुतेक बिघाड काम चालू असताना होतात. थांबलेले यंत्र सहसा बिघडत नाही. जॉन बुझाकॉट यांच्या सूत्राप्रमाणे दुरुस्तीचा काळ भागिले चालण्याचा काळ हे गुणोत्तर प्रत्येक यंत्रासाठी काढून बेरीज करायची, तीत १ मिळवायचा आणि त्याने १ ला भागायचे. येथे उत्तर सुमारे ४७ टक्के येते.

यंत्रांमध्ये साठ्याला (बफर) अमर्याद जागा दिली, तर लाइन ९० टक्क्यांपर्यंत जाते. प्रत्यक्षातली लाइन या दोन टोकांच्या मध्ये असते. किती जागा पुरेल, हे दुरुस्तीच्या काळावर ठरते. मिनिटाला एक नग निघत असेल, तर १० मिनिटांच्या दुरुस्तीपुढे दोन नगांची जागा जवळजवळ निरुपयोगी. दहा-वीस नगांची जागा मोठा फरक पाडते. त्यापुढे लाभ घटत जातो, अडकलेला माल मात्र वाढतो. म्हणून उपलब्धता तीच ९० टक्के असली, तरी क्वचित पण दीर्घकाळ बंद पडणाऱ्या यंत्रापेक्षा वारंवार पण थोडा वेळ थांबणारे यंत्र लाइनला परवडते.

दोन यंत्रे व एक बफर यांचे अचूक उत्तर मिळते. दहा यंत्रे आणि प्रत्येकी २० नगांचे नऊ बफर घेतले, तर कोणते यंत्र चालू, कोणते बंद आणि कोणत्या बफरमध्ये किती नग, अशा संभाव्य अवस्थांची संख्या ८०० लाख कोटींच्या पुढे जाते आणि अचूक उत्तर आवाक्याबाहेर जाते. स्टॅन्ली गर्श्विन यांनी १९८७ मध्ये यावर विघटनाची पद्धत मांडली : प्रत्येक बफरभोवती दोन काल्पनिक यंत्रांची छोटी लाइन कल्पायची आणि शेजारच्या लाइनींची उत्तरे परस्परांशी जुळेपर्यंत गणित पुन्हा पुन्हा सोडवायचे. उत्तर अंदाजी असले, तरी झटपट मिळते. त्यामुळे अनेक आराखडे तपासून पाहता येतात. दुरुस्त होऊन परतणारे नग किंवा एकाच लाइनवरची अनेक मॉडेल्स यांसाठी संगणकीय सिम्युलेशन वापरतात.