मोजक्या शेअरांचा ठराव

रसायन कंपनीचे मोजके शेअर असलेला माणूस संचालकांना लेखी विचारतो, ‘आपल्या मालात विष किती, ते सांगा.’ आणि कंपनीला तो प्रश्न ठराव म्हणून स्वतःच्या खर्चाने सगळ्या भागधारकांपुढे ठेवावा लागतो. अमेरिकेतल्या या रिवाजाचं एक मूळ नेपाम बॉम्बपर्यंत जातं.

‘मेडिकल कमिटी फॉर ह्यूमन राइट्स’ या डॉक्टरांच्या संघटनेला डाऊ केमिकलचे काही शेअर देणगीत मिळाले होते. मार्च १९६८ मध्ये अध्यक्ष डॉ. क्वेंटिन यंग यांनी कंपनीला पत्र धाडलं: माणसांवर वापरणार नाही अशी खात्री दिल्याशिवाय नेपाम कुणालाही विकू नये, असा ठराव सभेपुढे आणा. पॉलिस्टायरीन, बेन्झीन आणि पेट्रोलचं हे चिकट मिश्रण अंगाला लागलं की सुटत नाही, जळतच राहतं. व्हिएतनामवर ते विमानांतून पडत होतं. डाऊच्या उलाढालीत त्याचा वाटा मात्र नगण्य.

कंपनी ठराव घ्यायला तयार होईना. काय विकायचं हा रोजचा कारभार, शिवाय मागणी राजकीय, हे तिचं म्हणणं. भागधारकांना ठराव मांडू देणारा नियम ज्या रोखे आयोगाने १९४२ मध्ये केला, तोही कंपनीच्याच बाजूने! प्रकरण वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात गेलं आणि डाऊचंच बोलणं डाऊच्या अंगाशी आलं. नेपाम आम्ही धंद्यासाठी नाही, धंद्याला झळ सोसून बनवतो, असं व्यवस्थापन चारचौघांत सांगत होतं. मग हा रोजचा कारभार कसा? १९७० मध्ये न्यायालयाने आयोगाला फेरविचार करायला लावला.

१९७१ च्या सभेत ठराव दणकून आपटला. मतं ३ टक्क्यांहूनही कमी. एव्हाना नेपामचं कंत्राटच दुसऱ्या कंपनीकडे गेलं होतं, डाऊने १९६९ मध्येच उत्पादन थांबवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये, आता वाद उरलाच नाही म्हणून फाईल मिटवली.

पुढच्यांनी मागणी बदलली: ‘विकू नका’ऐवजी ‘अहवाल द्या’. मला ही चाल जास्त हुशारीची वाटते. मालातलं विष उद्या खटले आणि सफाईचा खर्च होऊन शेअरच्या भावावर बसणार, मग मालकाला ते आधी कळायला नको? ड्यूपॉन्टला पीएफओए या रसायनाबद्दल असं विचारलं गेलं, डाऊला डायॉक्सिनबद्दल आणि २००१ मध्ये युनियन कार्बाइड घेतल्यावर भोपाळबद्दलही. तेही अमेरिकेतल्या सभेत. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यात मात्र असा ठराव फिरवायला एक दशांश मताधिकार गाठीशी लागतो.