निकमांच्या घरातली श्रीदेवी

नंदुरबारच्या एखाद्या शाळेत हजेरी सुरू झाली की 'निकम' येतो आणि पुष्कळदा त्याच्या पाठोपाठ 'निकुंभ'. ही दोन आडनावं शेजारी बसतात ती नुसत्या वर्णक्रमामुळे, असं मानायचं कारण नाही. त्यांचा माग काढत गेलं की वाट पाटण्याच्या एका राणीपाशी पोचते.

पाटणे आज चाळीसगाव तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. बाराव्या शतकात ते निकुंभांचं ठाणं होतं. घराणं यादवांचं मांडलिक, ताब्यात सोळाशे गावं. तिथल्या पडक्या महादेवमंदिरातला शके १०७५चा, म्हणजे इ.स. ११५३चा लेख वंशावळ सांगतो: कृष्णराज दोन, गोवन तीन, मधे गोविंदराज आणि इंद्रराज. या पुरुषांच्या माळेत एक बाई ठसठशीत दिसते. इंद्रराजाची राणी श्रीदेवी, सगर कुळातली. नवरा गेला तेव्हा मुलगा, तिसरा गोवन, अजून अजाण. कारभार तिने हाती घेतला, आणि नवऱ्याने योजलेलं शिवमंदिर पुरं झालं. त्याच ११५३ साली इंग्लंडमध्ये तह होऊन गादीसाठी झगडलेल्या मटिल्डा या राजकन्येच्या मुलाला वारस ठरवलं गेलं. मटिल्डावर तिकडे ग्रंथ झाले. श्रीदेवीची मदार एका दगडावर.

आता आडनाव. 'निकुंभ' झिजून 'निकम' झालं, असं मानणारे पुष्कळ. व्युत्पत्तीवाला मात्र नाक मुरडतो, आणि उगाच नाही. मराठी सहसा 'ब' सोडत नाही: निंबाचा लिंब, स्कंभाचा खांब, जंबूचं जांभूळ. मग 'निकुंब' का नाही झालं? शिवाय निकुंभ हे आडनाव धडधाकट जिवंत असताना त्याचं झिजलेलं रूप वेगळं कशाला हवं?

दुसरा आक्षेप लगेच निकालात निघतो. क्षेत्रही आहे आणि शेतही. कर्मही आहे आणि कामही. पोथीतला शब्द जपला जातो, तोंडातला झिजतो. पहिला आक्षेप मात्र खरा चिवट. त्यावर एक उत्तर असं, की कदंबांचे कदम चालत असतील तर निकुंभांच्या निकमांनाच वेशीवर का अडवायचं? दुसरं उत्तर भूगोलाचं. नंदुरबारची हद्द ओलांडली की गुजरात, आणि गुजरातीत निंबाचा लीमडो होतो, 'ब' गायब. त्या वाऱ्याला खानदेशातलं आडनाव लागलं, यात नवल ते काय? पुरावा म्हणून हे तोकडं आहे, पण पटतं.

गंमत अशी, की कुंभकर्णाच्या एका मुलाचं नावही निकुंभ. घराण्याने अर्थातच सूर्यवंशातल्या निकुंभ राजाकडे बोट दाखवलं.

श्रीदेवीनंतर जेमतेम अर्ध्या शतकाने याच घराण्यातल्या सोइदेवाने गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाला देणगी दिली. भास्कराचार्यांमुळे त्या देणगीचा लेख गाजला. पण संस्कृत संपून जुनी मराठी सुरू होते तिथे खरं पाटणे भेटतं: पेठेत उघडणाऱ्या केण्यावरचं, म्हणजे विक्रीच्या मालावरचं, उत्पन्न मठाला आणि चालत्या घाण्यामागे पळी पळी तेल. श्रीदेवीने ज्या गावाचा कारभार पाहिला, त्याच्या बाजारात हेच घाणे करकरत असणार.

राहिलं तिचं माहेर. सगर हाही सूर्यवंशातलाच राजा. म्हणजे वंशावळीच्या हिशेबाने वर-वधू दोघेही इक्ष्वाकूचेच. सगर आडनावाची माणसं महाराष्ट्रात आजही आहेत. ती त्याच कुळातली का, हे कुणी छातीठोक सांगू नये. पण एखाद्या मांडवात निकम-सगर सोयरीक जुळत असेल, तर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी एकदा पाटण्याला जाऊन यावं.