घराच्या दुरुस्तीनंतरची साफसफाई: धुळीपासून कुटुंबाला कसे जपाल?

दिवाळीच्या आधीचे काही आठवडे माझ्या दवाखान्यात एक तक्रार हमखास येते: "डॉक्टर, घरात फरशीचे काम झाले, आणि आईचा दमा उसळला." कधी आईच्या जागी लहान मूल असते. काम सुरू असताना सगळे ठीक होते, त्रास सुरू झाला तो गुरुवारच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून झाडू मारल्यावर, असेही बरेच जण सांगतात. निगडी-चिंचवडमधील जुन्या घरांची दुरुस्ती असो की मोशी-चिखलीतील नव्या फ्लॅटचे पीओपी, काळजी सारखीच घ्यावी लागते.

ही धूळ वेगळी का?

रोजची धूळ आणि बांधकामाची धूळ सारखी नसते. फरशी, ग्रॅनाइट, विटा किंवा काँक्रीट कापताना सिलिकाचे अतिसूक्ष्म कण उडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, तासन्‌तास हवेत तरंगतात आणि थेट फुफ्फुसात खोलवर पोहोचतात. सिमेंट आणि चुना क्षारधर्मी असल्याने त्वचा, डोळे व घसा जळजळतो. पुट्टी घासताना उडणारी पांढरी पूड दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका आकसवते.

एका घराच्या सफाईने सिलिकोसिस होत नाही. तो सहसा वर्षानुवर्षे अशी धूळ श्वासात गेल्याने होतो. पण भोसरी किंवा चाकणच्या फाउंड्रीत, ग्राइंडिंगवर काम करणाऱ्यांच्या फुफ्फुसांवर आधीच भार असतो. घरात अशी व्यक्ती असेल, तर घासकामाची धूळ तिच्यावर टाकू नका. खोकला किंवा धाप लागत असेल, तर डॉक्टरांना कामाचे स्वरूप नक्की सांगा.

सफाई कशी करावी?

१. काम संपल्यावर लगेच झाडू नका. खिडक्या उघडा आणि धूळ काही तास बसू द्या. पंखा लावू नका. आधी त्याची पाती ओल्या फडक्याने पुसा.
२. कोरडा झाडू टाळा. बारीक पाणी शिंपडून मगच केर गोळा करा.
३. वरून खाली या: छत, पंखे, कपाटांच्या वरच्या बाजू, खिडक्या आणि शेवटी फरशी. फडके वारंवार धुवा आणि पाणी बदला.
४. साधा व्हॅक्यूम क्लीनर बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा हवेत सोडतो. हेपा फिल्टर असलेलाच वापरा.
५. एसीची जाळी धुतल्याशिवाय एसी सुरू करू नका.
६. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा ओल्या फडक्याने पुसा, कारण रात्रीतून धूळ परत बसते.

सफाई करणाऱ्याने एन-९५ मास्क, चष्मा आणि रबरी हातमोजे घालावेत. ओढणी किंवा रुमाल बारीक कण अडवत नाही. घरकामाच्या ताईंनाही मास्क द्या. त्यांची फुफ्फुसे आपल्यासारखीच आहेत.

या चुका महागात पडतात

- अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र करणे: फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायचे अ‍ॅसिड ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो. असे झाले तर सगळे सोडून मोकळ्या हवेत या. खोकला किंवा धाप असेल, तर रुग्णालयात जा. त्रास काही तासांनी वाढू शकतो.
- जुना रंग खरवडणे: घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते. त्याची पूड लहान मुले आणि गरोदर स्त्रियांसाठी विशेष घातक आहे. रंग ओला करूनच काढा आणि त्यांना तेव्हा दूर ठेवा.
- सिमेंटचा जुना पत्रा फोडणे: त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते नुसते पाहून कळत नाही. पत्रा कापू-फोडू नका. ओला करून अखंड उतरवून घ्या.
- क्युरिंगचे पाणी साठवणे: उघड्या पिंपात आठवडाभरात डेंग्यूचे डास तयार होतात. पिंप झाका किंवा रिकामे करा.

राडारोडा रस्त्याकडेला टाकू नका, तो पोत्यात बांधून ठेवा. तो उचलण्याबाबत महापालिकेच्या 'सारथी' हेल्पलाइनवर विचारा.

दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी

घासकामाच्या आणि पहिल्या सफाईच्या दिवशी नातेवाइकांकडे राहावे. रोजचा पंप बंद करू नये. त्वरित आरामाचा पंप खिशात ठेवावा. रंगाचा उग्र वास जाईपर्यंत त्या खोलीत झोपू नये.

डॉक्टरांकडे कधी जावे?

डोळ्यात सिमेंट किंवा चुना गेल्यास चोळू नका. वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान १५ ते २० मिनिटे धुवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. ओल्या सिमेंटने त्वचा भाजते, पण सुरुवातीला दुखत नाही. म्हणून लगेच धुवा. खिळा टोचल्यास जखम धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप घेऊनही आराम नसेल, तर वाट पाहू नका. १०८ वर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा.

सफाई एक दिवस उशिरा झाली तरी चालते. श्वासाच्या त्रासात मात्र उशीर करू नका.