पहिलीतल्या पोराचं पुस्तक पास कुणी करायचं?

भोर-वेल्ह्याकडचा माणूस बोलायला लागला की तोरणा आणि राजगड ठरलेलेच. पण आज किल्ला नाही. आज एका खोक्याची गोष्ट.

मागच्या जूनमध्ये आम्ही चार मित्रांनी वर्गणी काढली आणि भाटघरच्या पाण्याकडेला असलेल्या एका वाडीतल्या शाळेला गोष्टींची पुस्तकं दिली. पहिली ते तिसरी मिळून अकरा पोरं, एकच वर्ग. पुस्तकं मी निवडली होती. चकचकीत कागद, मोठी नावं, शेवटी तात्पर्य. दिवाळीनंतर गेलो तर खोकं जसंच्या तसं. एकच पुस्तक मळून, कोपरे दुमडून पार चोथा झालेलं. त्यात एक बकरी होती आणि पानावर दोन-दोन ओळी. बाई हसून म्हणाल्या, "दादा, पोरं तेवढंच वाचतात. बाकीची तुम्हीच वाचा."

लागलं हो मनाला. कारण यातल्या बऱ्याच पोरांच्या घरी शाळेच्या पुस्तकाशिवाय दुसरं पुस्तक नाही. माझी निवड चुकली म्हणजे त्यांचं अख्खं वर्ष गेलं. मग मी शोधायला लागलो, की लहान मुलांचं पुस्तक चांगलं की वाईट, हे मराठीत आजवर कुणी आणि कशावरून ठरवलं?

सुरुवात बरीच लांब होते, तंजावरला. तिथे सरफोजीराजांच्या काळात, 1806 साली, इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. मग मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 1828 च्या सुमारास इसापनीती आणि 'बाळमित्र' मराठीत आणलं. 'बाळमित्र' मूळचं फ्रेंच, इंग्रजीतून आपल्याकडे आलेलं. तेव्हाची कसोटी सरळ होती: यातून मुलाला बोध मिळतो का?

मग आले मेजर थॉमस कँडी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाला हात लावणारे तेच. शाळेसाठीच्या मराठी पुस्तकांची भाषा तपासणं त्यांच्याकडे होतं. आज आपण मेसेजमध्ये जो स्वल्पविराम टाकतो ना, तशी विरामचिन्हं मराठीत रुजवण्यात कँडींचा मोठा वाटा. पण त्यांची कसोटी होती शुद्ध, नेटकी भाषा. आता घरी 'न्हाई' आणि 'व्हय' बोलणारं पोर अशा पुस्तकासमोर बसलं, तर पहिल्याच पानावर त्याला वाटणार, आपलं बोलणंच चुकीचं आहे.

शाळेबाहेर मात्र वेगळं वारं होतं. विनायक कोंडदेव ओक यांनी 1881 मध्ये 'बालबोध' मासिक काढलं. वासुदेव गोविंद आपटे यांनी 1906 मध्ये 'आनंद' सुरू केलं. नावंच बघा की! बोधापासून आनंदापर्यंत यायला आपल्याला पंचवीस वर्षं लागली.

आणि हा आनंद वर्गात आणायला पुढे आला आपला शेजारी. कापूरहोळवरून नारायणपूरमार्गे सासवडला गेलात, की जवळच कोडीत गाव लागतं. तिथे 1898 साली आचार्य अत्रे जन्मले. लोकांना त्यांचे विनोद आणि भाषणं आठवतात, पण ते मुळात मास्तर. पुण्यात कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापक होते, लंडनला जाऊन शिक्षणाचा अभ्यास करून आले. त्यांच्या 'नवयुग वाचनमाले'त सोपी, बोलती भाषा आली. कसोटी बदलली. पुस्तक मुलाला काय शिकवतं, एवढंच नाही, तर मूल पान उलटतं का?

1967 मध्ये पुण्यात 'बालभारती' स्थापन झाली. त्याचा फायदा मोठा. भोरच्या पोराच्या आणि गडचिरोलीच्या पोराच्या हातात एकच पुस्तक आलं. पण एकच पुस्तक सगळ्यांच्या अंगणातलं कसं असेल? ते काम गोष्टीच्या पुस्तकांनी करायचं. आणि तिथेच मी कमी पडलो.

घाईही आहे. 2021 मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत'चं ध्येय असं, की 2026-27 पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरी संपताना समजून वाचता यावं. तिसरीत जो अडखळला, त्याला चौथीत परिसर अभ्यासाचं पुस्तक म्हणजे नुसती अक्षरं.

म्हणून या वेळी मी तीन प्रश्न घेऊन बसलो. एक: पानावर किती ओळी, आणि चित्र झाकलं तर काही हरवतं का? हरवलं पाहिजे, कारण पहिलीतलं पोर आधी चित्र वाचतं. दोन: मोठ्याने वाचताना जीभ अडते का? तीन: भातखाचरात चिखल तुडवणारं, इरलं ओळखणारं पोर या गोष्टीत कुठे तरी आहे का? सगळीच पुस्तकं गावातली नकोत, पोरांना समुद्र आणि विमानही हवंच. पण एकही आपलं नसेल, तर वाचन ही दुसऱ्यांच्या घरची गोष्ट वाटते.

पुस्तकं विकत घेण्याआधी मोबाईलवर 'स्टोरीवीव्हर' उघडलं. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेलं, फुकट, मराठी गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या. वीस गोष्टी शाळेत वाचून दाखवल्या. दुसरीतली एक मुलगी मधेच म्हणाली, "ह्ये पान परत." मी वहीत त्या गोष्टीपुढे खूण केली. तात्पर्य सुरू झालं की पोरं खिडकीबाहेर बघायची, तिथे फुली मारली.

या वेळची यादी त्या वहीतून झाली. छत्रे, कँडी, अत्रे, सगळ्यांनी आपापल्या परीने पुस्तकं पारखली. शेवटचा शिक्का मात्र त्या अकरा पोरांचा.

तुमच्या गावच्या शाळेत असं एखादं न उघडलेलं खोकं आहे का? एकदा जाऊन बघा. आणि कुठलं पुस्तक सगळ्यात मळलंय, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!